भीलवाड्याच्या ८३७ मुली आणि एका बॉण्डचा हिशोब

चाचणीचा कागद अगदी साधा असतो. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट छापलेली असते. चाचणी घेणारा मुलीला शेजारी बसवतो आणि आधी उतारा वाचायला सांगतो. तो जमला तर गोष्टीकडे वळतो, नाही जमला तर शब्दांवर येतो, तेही नाही जमले तर अक्षरांवर. जिथे मूल टिकतं ती त्याची पातळी. गणितातही अंक ओळखणं, दोन अंकी संख्या, वजाबाकी, भागाकार अशा पायऱ्या असतात. ‘असर’ या नावाने ही चाचणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घेतली जाते आणि शिक्षणात काम करणाऱ्या कुणालाही ती नवी नाही.

२०१५ ते २०१८ या तीन शालेय वर्षांत राजस्थानच्या भीलवाडा जिल्ह्यात या पायऱ्यांना भाव होता. मुलं एकूण किती पायऱ्या वर चढली, त्यावर लंडनच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाने झुरिकच्या एका प्रतिष्ठानाला किती पैसे द्यायचे हे ठरणार होतं. शिक्षणातला हा जगातला पहिला ‘डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड’. गरिबी आणि विषमतेवर अशा बॉण्डचा उपाय सुचवला जातो तेव्हा बहुतेक वेळा भीलवाड्याचं उदाहरण पुढे येतं, आणि सोबत दोन आकडे: शिकण्यात उद्दिष्टाच्या १६० टक्के आणि नावनोंदणीत ११६ टक्के. आकडे खरे आहेत. पण या प्रकरणातून शिकायचं ते त्या आकड्यांच्या आत आहे, म्हणून ते उलगडून पाहायला हवेत.

मांडणी

‘बॉण्ड’ या शब्दाने आधी गोंधळ होतो. हा काही ठरलेल्या व्याजाचा, बाजारात विकता येणारा रोखा नव्हे. हा करार आहे. गुंतवणूकदार कामासाठी पैसे आधी देतो, संस्था काम करते, त्रयस्थ मूल्यमापक परिणाम मोजतो आणि परिणाम दिसला तरच तिसरा कुणी तरी गुंतवणूकदाराचं मुद्दल आणि वर परतावा चुकता करतो. परिणाम दिसला नाही तर पैसे गुंतवणूकदाराचे बुडतात. चुकता करणारं सरकार असेल तर त्याला सोशल इम्पॅक्ट बॉण्ड म्हणतात. ती जागा देणगीदार प्रतिष्ठानाने घेतली तर डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड. भीलवाड्यात दुसरा प्रकार होता.

काम करणारी संस्था होती ‘एज्युकेट गर्ल्स’. सफीना हुसेन यांनी २००७ मध्ये राजस्थानात सुरू केलेली ही संस्था गावातल्याच तरुण स्वयंसेवकांच्या, म्हणजे ‘टीम बालिका’च्या जोरावर चालते. गुंतवणूकदार होतं झुरिकचं यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन. परिणामाचे पैसे देणार होतं लंडनचं चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन. मोजणी आयडीइनसाइटकडे होती आणि कराराची आखणी व देखरेख इन्स्टिग्लिओकडे. आधी घातलेली रक्कम सुमारे २ लाख ७० हजार डॉलर, त्या वेळच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्याशा रकमेसाठी पाच संस्था आणि जाडजूड करार कशाला, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता आणि तो रास्त आहे. आखणी, वकील आणि मोजणी यांचा खर्च प्रत्यक्ष कामाच्या रकमेसमोर फार मोठा ठरला. प्रयोग म्हणून तो मान्य करता येतो. नेहमीची पद्धत म्हणून अजिबात नाही.

ज्यांनी स्वयंसेवी संस्थेत काम केलंय त्यांना यातला फरक कुठे होता ते लगेच कळेल. नेहमीच्या अनुदानात पैसा हेडनुसार, म्हणजे खर्चाच्या ठरवून दिलेल्या बाबींनुसार येतो. प्रशिक्षणाच्या हेडमधले पैसे घरभेटींना वळवायचे तर देणगीदाराची लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत सत्र संपलेलं असतं. तिमाही अहवालात किती प्रशिक्षणं झाली, किती बैठका झाल्या, किती संच वाटले हे भरायचं. मुलं वाचायला शिकली का, असं त्या तक्त्यात कुणी विचारत नाही. भीलवाड्याच्या करारात उलटं होतं: खर्च कुठे करायचा ते संस्थेने ठरवायचं, हिशोब मात्र मुलांच्या वाचनाचा द्यायचा.

कोणाला मोजायचं

कराराची खरी बुद्धी मोजणीच्या अटींमध्ये होती.

पहिली अट नावनोंदणीची. दारोदार जाऊन सात ते चौदा वयाच्या शाळाबाह्य मुलींची यादी करायची आणि त्यातल्या किती शाळेच्या पटावर आल्या ते पाहायचं. उद्दिष्ट ७९ टक्के. मोबदल्यातला या अटीचा वाटा फक्त २० टक्के.

उरलेले ८० टक्के शिकण्यावर. मुलगे-मुली दोघांचीही हिंदी, इंग्रजी आणि गणिताची पातळी मोजायची आणि ज्या शाळांत कार्यक्रम नाही तिथल्या मुलांशी तुलना करायची. त्यासाठी शाळांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने झाली. सुमारे १४० गावांतल्या १६६ सरकारी शाळांत कार्यक्रम, आणि तेवढ्याच शाळा तुलनेसाठी. मुलं दरवर्षी थोडं तरी पुढे जातातच, त्याचं श्रेय संस्थेला मिळणार नव्हतं. तुलनेतल्या मुलांपेक्षा जेवढ्या पायऱ्या जास्त, तेवढ्याच धरायच्या. अशा ५,५९२ पायऱ्यांचं उद्दिष्ट होतं. दोन्ही उद्दिष्टं गाठली तर गुंतवणूकदाराला मुद्दलावर वर्षाला १० टक्के परतावा. त्याहून कितीही चांगलं काम झालं तरी १५ टक्क्यांच्या वर नाही.

२०-८० ही वाटणी मला या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. मुलींची नावं पटावर घालणं हे या संस्थेचं बलस्थान. सरकारी अहवालांतही पटनोंदणीचाच आकडा मिरवला जातो. सोपी वाट धरायची असती तर ८० टक्के वजन तिथेच टाकता आलं असतं आणि सगळे खुश झाले असते. पण नाव पटावर आलं म्हणजे मूल वर्गात आलं असं नाही, आणि वर्गात आलं म्हणजे वाचायला लागलं असंही नाही. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, शाळेत नाव असणं जवळपास सार्वत्रिक झालं, आणि तरीही ‘असर’ वर्षानुवर्षं सांगत राहिलं की पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. गरिबाच्या घरातली मुलगी नेमकी या फटीत अडकते: कागदावर शिकलेली, हातात काही नाही. कराराने पैसा या फटीवर लावला.

आणखी एक बारकावा. मूल गैरहजर असलं म्हणून ते हिशोबातून सुटत नव्हतं. जी मुलगी शेळ्या राखायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते तिची न चढलेली पायरीही सरासरीत येऊन बसायची.

तीन वर्षं

पहिल्या वर्षाअखेर नावनोंदणी उद्दिष्टाच्या सुमारे ४४ टक्क्यांवर होती; तीन वर्षांतलं पहिलंच वर्ष, तेव्हा ठीक. शिकण्यात मात्र एकूण उद्दिष्टाच्या २३ टक्क्यांच्या आसपासच मजल गेली होती. दुसऱ्या वर्षाअखेर नावनोंदणी ८८ टक्क्यांच्या जवळ आली. शिकणं जेमतेम ५० टक्क्यांवर. तीनपैकी दोन वर्षं संपली होती आणि निम्मा रस्ता बाकी होता. कुठल्याही आढावा बैठकीत या आकड्यांसमोर लाल खूण झाली असती.

नेहमीच्या अनुदानात इथे काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. अहवालात ‘आव्हाने’ नावाचा परिच्छेद वाढतो, कार्यक्रम तसाच पुढे चालतो. भीलवाड्यात मागे लागायला आकडा होता आणि बदल करायला मोकळीक होती. संस्थेने आपलीच आकडेवारी शाळाशाळांनुसार, मुलामुलांनुसार फोडून पाहिली. पाहिल्यावर जे दिसलं ते तसं कुणालाही ठाऊक असलेलंच होतं: स्वयंसेवक वर्गात शिकवतो, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ती मुलं त्या दिवशी वर्गात नसतात.

मग तिसऱ्या वर्षी शिकवणी शाळेच्या भिंतीबाहेर आली. जी मुलं येत नव्हती त्यांच्या घरी, वस्तीवर जाऊन त्यांना शिकवायला सुरुवात झाली. इयत्तेप्रमाणे नव्हे तर पातळीप्रमाणे गट केले: ज्यांना अक्षरं येत नाहीत ते एकत्र, शब्दांवर अडलेले एकत्र. अभ्यासक्रम बदलला, शिकवण्याचा वेळ वाढवला. यातली एकही युक्ती नवी नव्हती. पातळीनुसार गट करण्याची पद्धत ‘प्रथम’ या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेने कितीतरी आधी सिद्ध केलेली आहे. नवं होतं ते एवढंच की पैसे देणाऱ्याची परवानगी न मागता, चालू सत्रात, अख्खं काम फिरवता आलं.

जुलै २०१८ मध्ये अंतिम निकाल जाहीर झाला. यादीतल्या ८३७ मुलींपैकी ७६८ पटावर आल्या होत्या, म्हणजे ९२ टक्के. उद्दिष्टाच्या ११६ टक्के. शिकण्याच्या पायऱ्या ८,९४०. उद्दिष्टाच्या १६० टक्के. शेवटच्या वर्षात कार्यक्रमातल्या मुलांची प्रगती तुलनेतल्या मुलांपेक्षा ७९ टक्के जास्त होती. गुंतवणूकदाराला मुद्दल आणि कमाल मर्यादेचा, १५ टक्के परतावा मिळाला. त्यातला ठरलेला वाटा संस्थेलाही गेला.

आता जरा हिशोब करू. ५० वरून १६०, म्हणजे एकूण यशातला दोन तृतीयांशाहून मोठा भाग एकट्या तिसऱ्या वर्षातला आहे. हाच करार दोन वर्षांचा असता तर हे प्रकरण ‘अपयशी बॉण्ड’ म्हणून नोंदलं गेलं असतं. तीच संस्था, तेच स्वयंसेवक, तीच मुलं. म्हणून कोणी दोन वर्षांचा किंवा अठरा महिन्यांचा परिणाम-करार घेऊन येतं तेव्हा मला काळजी वाटते. शिकणं, व्यसन सुटणं, रोजगार टिकणं ही कामं चुका करत, सुधारत होतात, आणि चुकायलाही एखादं वर्ष लागतं.

दुसरीकडे काय झालं

जगातला पहिला सोशल इम्पॅक्ट बॉण्ड इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या तुरुंगात २०१० मध्ये सुरू झाला: अल्प शिक्षा भोगून सुटलेल्यांना आधार द्यायचा, म्हणजे ते पुन्हा गुन्ह्याकडे वळणार नाहीत. सुटलेल्यांच्या पहिल्या गटात पुनर्गुन्ह्यांचं प्रमाण ८.४ टक्क्यांनी घटलं. त्या टप्प्यावर पैसे मिळायला १० टक्के घट हवी होती, त्यामुळे काहीच मिळालं नाही. अखेर एकत्रित घट ९ टक्के भरली, ती ७.५ टक्क्यांच्या अंतिम अटीपेक्षा जास्त होती, आणि २०१७ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे परताव्यासह परत आले. माणसांच्या आयुष्यात फरक पडला होता. पैशाचं उत्तर मात्र कधी मोजलं यावर बदललं.

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातला बॉण्ड २०१५ मध्ये बंद झाला, कारण तिथे पुनर्गुन्ह्यांत घट दिसलीच नाही. गुंतवणूक करणाऱ्या गोल्डमन सॅक्स बँकेच्या कर्जाचा बराचसा भाग ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या देणगीदार संस्थेच्या हमीने झाकलेला होता. म्हणजे जोखीम बाजाराने उचलली असं म्हणताना ती शेवटी पुन्हा दानशूरांच्याच खांद्यावर होती. तरीही एक मान्य करायला हवं: काम झालं नाही हे तिथे उघड कळलं, आणि न झालेल्या कामाचे पैसे शहराच्या तिजोरीतून गेले नाहीत.

अमेरिकेतल्या युटाचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. तिथे पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या बॉण्डमध्ये ११० मुलं ‘पुढे विशेष शिक्षण लागेल अशी’ म्हणून चाचणीवरून निवडली गेली. वर्षभरानंतर त्यातल्या फक्त एका मुलाला ते लागलं. उरलेल्या १०९ मुलांसाठी यश धरून गुंतवणूकदाराला पैसे गेले. पण त्या ११० पैकी सगळ्यांनाच ते लागलं असतं हे ठरवलं कुणी? तुलनेला गट नव्हता. अभ्यासकांनी नेमकं यावर बोट ठेवलं. भीलवाड्यात तुलनेच्या शाळा होत्या, म्हणून १६० टक्के हा आकडा उभा राहतो. महागड्या मोजणीचं एवढं मोल नक्कीच आहे. विशेष म्हणजे भीलवाड्याच्या नावनोंदणीच्या आकड्याला हा आधार नाही. तिथे तुलना नव्हती, फक्त आधीची यादी आणि नंतरची यादी. ९२ टक्के वाचताना हे लक्षात ठेवावं.

उरलेल्या ६९

८३७ वजा ७६८, उरल्या ६९.

करारानुसार या ६९ मुलींचं काहीच देणं नव्हतं. उद्दिष्ट ७९ टक्क्यांचं होतं, ते ओलांडलं होतं, आणि परताव्याला मर्यादाही होती. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार या मुलींचाच करावासा वाटतो, कारण गरिबी आणि विषमता हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते इथे वेगळे होतात. यादीतली प्रत्येक मुलगी हिशोबात सारखी होती. आठ वर्षांची, शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहणारी, केवळ दाखल्याअभावी घरी बसलेली मुलगी म्हणजे एक. तेरा वर्षांची, लग्न ठरलेली, किंवा आई-बापांबरोबर हंगामभर वीटभट्टीवर जाणारी मुलगीही एकच. पहिलीला दाखल करायला एक फेरी पुरते. दुसरीसाठी वर्षभर घर, पंच, सासरकडचे लोक, शाळा अशा चकरा माराव्या लागतात. भाव दोघींचा एक ठेवला तर कुठलीही शहाणी, प्रामाणिक संस्था आधी पहिलीकडे जाईल. त्यात तिचा दोष नाही. कराराने तिला तसंच सांगितलेलं आहे. सरासरी वर जाते आणि सगळ्यात मागे असलेली मुलगी आणखी एकटी पडते.

याला उपाय आहे आणि तो फार गुंतागुंतीचाही नाही. ज्या मुलीपर्यंत पोचणं अवघड, तिच्या दाखल्याला जास्त भाव लावायचा: वय बारा-तेराच्या पुढे असेल, घर स्थलांतर करणारं असेल, मूल अपंग असेल तर. वाचनातही अक्षर न ओळखणाऱ्या मुलाच्या पहिल्या पायरीला वरच्या पायऱ्यांपेक्षा जास्त किंमत ठेवायची. गटागटाची टक्केवारी वेगळी छापायची, म्हणजे एकत्र आकड्यामागे कोणी लपणार नाही. मोजणी थोडी महाग होईल. पण विषमता कमी करायची असं करारात लिहायचं आणि मोजायची मात्र सरासरी, याला अर्थ नाही.

दुसरी उणीव जागेची. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी, मुलं सरकारी जबाबदारीतली. पण पैसे चुकते करणाऱ्याच्या खुर्चीवर सरकार नव्हतं. लंडनच्या प्रतिष्ठानाने निकाल विकत घेतला आणि करार तिथेच पूर्ण झाला. घरोघरी जाऊन शिकवण्याची, पातळीनुसार गट करण्याची पद्धत जिल्ह्याच्या शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकात यावी अशी एकही अट त्यात नव्हती. परताव्याचे १५ टक्के मला त्यामानाने कमी खटकतात. पैसे बुडण्याची जोखीम खरी होती आणि दुसऱ्या वर्षाअखेर ती अगदी जवळ आली होती. खटकतं ते हे की एवढ्या मेहनतीने जे कळलं ते ज्याच्या हातात सगळ्या शाळा आहेत त्याच्या टेबलावर आपोआप पोचलं नाही. पुढे भारतात आणखी बॉण्ड निघाले. राजस्थानातच माता-बालआरोग्यासाठी ‘उत्कृष्ट’, २०१८ मध्ये क्वालिटी एज्युकेशन इंडिया, मग कौशल्य प्रशिक्षणाचा. रकमा वाढल्या, संस्थांचा अनुभव वाढला. सरकारला परिणामाचा खरेदीदार बनवणं हे काम मात्र तेवढ्या वेगाने पुढे गेलेलं नाही, आणि भारतासारख्या देशात त्याशिवाय बॉण्ड हा शे-दोनशे शाळांपुरताच राहतो.

शेवटी काळाचा मुद्दा, जो मला अजून सोडत नाही. नावनोंदणी म्हणजे पटावर नाव आलं, एवढंच मोजलं गेलं. २०१५ च्या यादीत सात वर्षांची असलेली मुलगी २०२२ मध्ये चौदा वर्षांची झाली. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षी संपतं, आणि मुलगी नववीत जाणार की घरी बसणार हे घराघरांत नेमकं तेव्हाच ठरतं. त्या मुलींच्या दारात बॉण्डचा मोजणी करणारा शेवटचा गेला तो २०१८ मध्ये, त्या दहा वर्षांच्या असताना.